जयंतीच्या जीपची लाल तार

इद्रिसच्या दुकानात शिरलेला माणूस तारेवरचं प्रवचन ऐकल्याशिवाय बाहेर पडत नसे. कर्जत स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर दुकान, वर पत्रा, आत बॅटरीच्या तेजाबाचा वास आणि मधोमध स्टुलावर इद्रिस. गाडीचा हॉर्न बिघडलेला असो नाही तर दिवा, हा पठ्ठ्या सुरू व्हायचा तो तारेपासूनच.

"तार म्हंजे पानी न्यायचा पाट समजा," तो म्हणायचा. "पाट लहान आन् पानी जास्त, मंग काय हुईल? काठ फुटंल. फ्यूज म्हंजे त्या पाटाचं दार. दार पाट वाचवायला असतं. तसा फ्यूज तारेसाठी असतो, मशीनसाठी नाय. आदी तार बगायची, मंग फ्यूज."

गिऱ्हाईक जांभया द्यायचं, पण ऐकून घ्यायचं. कारण इद्रिसच्या हातचं काम परत येत नसे, हे चौकच्या फाट्यापासून नेरळपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. त्याची बायको कमरजहाँ तर म्हणायची, "या माणसानं निकाहात कबूल म्हनायच्या आदी पंख्याची वायर तपासली होती." आणि ते खोटंही नव्हतं म्हणे.

ही गोष्ट ऐंशीनंतरची. गाडीत टेप आणि टेपला जोडून अँप्लिफायर लावायचं खूळ तेव्हा नुकतंच निघालं होतं. कर्जत-कळंब पॅसेंजर मारणाऱ्या जीपवाल्यांत तर चढाओढच लागली होती. ज्याची गाणी मोठी, त्याच्या जीपमध्ये माणसं मागच्या फळीला लोंबकळून जायची. भिसेगावच्या श्रीपतची जीपही त्याच रस्त्याला. पण श्रीपतला अँप्लिफायर हवा होता तो पॅसेंजरसाठी नव्हे. त्याला तो हवा होता आईसाठी.

श्रीपतची आई भीमाबाई. बाई गाणी रचायची. लिहिता येत नव्हतं, पण एकदा जोडलेलं गाणं विसरायची नाही. छप्पन साली धम्म घेतला तेव्हापासून दर वर्षी चौदा एप्रिलला भिसेगावच्या मिरवणुकीत तिचं नवं गाणं असायचं, आणि बायका ते पुढं वर्षभर लावणीच्या चिखलात म्हणायच्या. गेल्या वर्षी मात्र भाड्यानं आणलेलं जनरेटर भर बाजारपेठेत घरघरलं आणि बंद पडलं. गाणं अर्ध्यावर. म्हातारी हातात मुका माईक धरून उभी, आणि बाजारातली टवाळ पोरं खी-खी हसली. भीमाबाईनं घरी येऊन भाकऱ्या थापल्या. पण श्रीपतला ते हसणं वर्षभर डाचत होतं.

"औंदा मशीन माज्या जीपमदी," तो इद्रिसला म्हणाला होता. "बॅटरीवर चालंल असं. आन् मदीच बंद पडलं तर तुज्या दुकानापुडं येऊन बशीन मी, सांगून ठेवतो."

"मी केल्यालं बंद पडंल का रं?" इद्रिस म्हणाला होता.

आणि भीमाबाईचं काम म्हणजे इद्रिसला घरचंच. त्याची आई हवाबी सुकटीची टोपली घेऊन बाजारात बसायची, आणि तिच्या शेजारी भीमाबाई भाजीची. दोघींनी एकमेकींच्या पोरांना पदराखाली घेऊन उन्हातून वाचवलेलं. हवाबी गेली त्या दिवशी कमरजहाँच्या आधी इद्रिसच्या डोक्यावरून हात फिरवला तो भीमाबाईनं. तो तिला मावशी म्हणायचा, आणि ते नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं.

तर या मावशीच्या जीपसाठी इद्रिसनं तार मिळवली होती. काय तार, अहो! त्याचा मामा माझगावच्या गोदीत होता. त्यानं कुठल्याशा बोटीवरून उतरलेली ती तार भाच्यासाठी धाडली. अंगठ्याएवढी जाड, वर लाल कातडं, आत केसांसारखे बारीक तांब्याचे पीळ. हातात घेतली तर सापासारखी लवायची, पण ओझं असं की मनगट खाली जायचं. असली तार अख्ख्या तालुक्यात नव्हती. इद्रिसनं ती दुकानात खिळ्याला टांगली आणि भीमाबाई बाजारात आली तेव्हा मुद्दाम बोलावून दाखवली.

"मावशी, ही तुज्या जीपला. आता बोंब मार किती मारायची ती."

भीमाबाईनं तार दोन्ही हातांवर घेतली, झोळीतलं मूल घ्यावं तशी. "लई देखनी हाय रं," ती म्हणाली. मग हसून म्हणाली, "हातात घेतलीय म्हनून कळतंय. पायानं तुडवली असती तर कळलीबी नसती."

कारण बाईचे पाय गेले होते. म्हणजे होते जागेवर, पण त्यांना काही कळत नव्हतं. साखरेच्या दुखण्यानं तळवे मेले होते. मागं एकदा मे महिन्यात दहिवलीच्या रस्त्यावर तिची एक चप्पल निसटली, तर बाई तशीच डांबरावरून घरी चालत आली. उंबऱ्यात सून किंचाळली तेव्हा हिला समजलं. तेव्हापासून रोज झोपताना ती पाय दिव्यापाशी धरून बघायची, कुठं कापलंय का, कुठं भाजलंय का. डॉक्टरनं सांगितलं होतं, हे परत यायचं नाही. भीमाबाई मान डोलावून आली. पण खोबरेल चोळायचं तिनं सोडलं नाही. मनात कुठंतरी आस होती बाईच्या.

जयंती तोंडावर आली आणि एका दुपारी दुकानापुढं पांढरी फियाट थांबली. मुंबईचे साहेब. खालापूरकडे त्यांनी नवा बंगला बांधला होता, आणि त्या संध्याकाळी तिथं पाहुणे येणार होते. डिकीत खोक्यात नवाकोरा अँप्लिफायर, दुबईचा, तो त्याआधी गाडीत बसवून हवा होता.

"इद्रिस तुम्हीच का?" साहेबांनी गॉगल काढला. "पनवेलला तुमचं नाव ऐकलं. म्हणाले, तारेचं काम करावं तर कर्जतच्या इद्रिसनं. मुंबईतसुद्धा असा माणूस नाही."

झालं! इद्रिसचा पाय जमिनीवर राहीना. खुर्ची पुसून दिली, चहा मागवला, नेहमीचं प्रवचन सुरू केलं, आणि साहेबांनी ते जांभई न देता ऐकलं. असं ऐकणारा माणूस इद्रिसला जन्मात भेटला नव्हता. बोलता बोलता साहेबांची नजर खिळ्यावर गेली.

"ही तार! हीच घाला."

"ती दिल्याली हाय सायेब," इद्रिस म्हणाला.

"कुणाला?"

आता इथं त्यानं 'मावशीला' म्हणायचं होतं. तेवढा एक शब्द. पण गॉगलवाल्या माणसापुढं त्याची जीभ वळली नाही. तो म्हणाला, "हाय एक जीपवाला."

साहेब हसले. "जीपला? अहो, जीपला कसलीही तार चालेल. भोंगे लावून बोंबलायचंच ना? असल्या तारेची कदर तुमच्यासारख्या कारागिराला. आणि ती लागावी तर अशा मशीनला."

आणि इद्रिस हसला. साहेबांच्या बरोबरीनं, मान हलवून हसला. पुढं कितीतरी दिवस त्याला बाकीचं सगळं विसरता आलं असतं, पण ते स्वतःचं हसणं काही केल्या कानातून जाईना.

फियाट गेली तेव्हा खिळा रिकामा होता. कमरजहाँ डबा घेऊन आली होती, ती दारातच थबकली.

"ती तार भीमामावशीची होती ना?"

"दुसरी बगतो मी."

"कुटली? मामूंकडं तेवडीच होती."

"तुला काय कळतंय तारेतलं? डबा ठेव आन् जा," तो खेकसला. कमरजहाँनं डबा ठेवला आणि निघून गेली. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

खरं सांगायचं तर अजूनही काही बिघडलं नव्हतं. सरळ भिसेगावला जाऊन म्हणायचं होतं, श्रीपत, चूक झाली, तार दुसऱ्याला दिली. श्रीपतनं चार शिव्या हासडल्या असत्या आणि तशीच पहिली गाडी पकडून मुंबईहून तार आणली असती. पण ते सांगायचं म्हणजे मावशीनं हातावर घेतलेली ती तार कुणाला दिली, का दिली, हेही सांगणं आलं. इद्रिस मूग गिळून बसला. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत दोन दिवस गेले आणि श्रीपत जीप घेऊन दारात उभा राहिला.

"लाव रं तुजी ती नागीन!" तो आनंदानं ओरडला. जीप त्याला ठेवूनच जायची होती, कारण विहारात पताका लावायचं काम पडलं होतं. तो गेला आणि इद्रिसनं फळीवरून घरातल्या वायरिंगची तार काढली. पंख्याला, दिव्याला लावतात ती. दोन पदर एकत्र पिळले आणि त्यावर काळा रबरी पाईप चढवला. वरून बघणाऱ्याला वाटावं, आत अंगठ्याएवढी तार आहे.

बॅटरी पुढं, बॉनेटखाली. मशीन मागच्या सीटखाली. तार डाव्या अंगानं, पायाखालच्या रबरी चटईच्या आतून नेली. उरलेली तार त्यानं कापली नाही. जयंती झाली की चांगली तार आणून ही काढून टाकायची, मग कापून फुकट कशाला घालवा, म्हणून वेटोळं करून पुढच्या सीटपुढं चटईखाली सरकवून दिली. वेटोळ्यातली तार जास्त तापते हे त्यानंच शंभर गिऱ्हाइकांना सांगितलेलं.

फ्यूज मात्र त्यानं आधी नियमानं लावला. तारेच्या मापाचा, लहान. टेप लावून आवाज चढवला. ढोलकीची थाप पडली आणि फट्! फ्यूज उडाला. दुसरा लावला. पुन्हा थाप, पुन्हा फट्.

इद्रिस बॉनेटपाशी उभा राहिला. फ्यूज काय सांगतोय ते त्याच्याइतकं कुणाला कळणार होतं? ही तार पुरायची नाही, एवढंच तो सांगत होता. पण गाणं मध्येच बंद पडलं तर? गेल्या वर्षीची ती पोरं, ती खी-खी? एका दिवसाचा तर प्रश्न, तो मनाशी म्हणाला, आणि डबीतून मोठा फ्यूज काढून बसवला. आता थाप पडली तरी काही उडालं नाही. आवाज असा घुमला की समोरचा हॉटेलवाला बाहेर आला.

श्रीपत आला, बॉनेट उघडून वाकला. "लाल होती ना रं?"

"वरून पाईप चढवलाय. धूळ लागू नये म्हनून."

"वा रं माज्या वाघा!" श्रीपतनं त्याला मिठीच मारली.

चौदा तारखेला दुकान उघडून तो बसला खरा, पण समोरच्या एकाही कामाला हात लावला नाही. सकाळी जीप कळंबपर्यंत जाऊन आली, गावोगाव सांगत, की संध्याकाळी मिरवणुकीला या. एक रिक्षावाला म्हणाला, "काय आवाज हाय, इद्रिसभाय! पार डोंगराला धडकतोय." इद्रिसला जरा धीर आला. चालत्या गाडीला वारा लागतो, आणि हाकाट्या थोड्या थोड्या वेळानं होत्या. पण मिरवणुकीत गाडी मुंगीच्या पावलानं जाणार, आणि गाणं एकसारखं चालणार. उन्हं उतरायच्या आत त्यानं फळ्या लावल्या आणि तो भिसेगावला निघाला. काय करणार होता हे त्यालाच माहीत नव्हतं.

विहारापुढं पांढऱ्या साड्यांची आणि निळ्या झेंड्यांची दाटी होती. वंदना झाली. जीप झेंडूच्या माळांनी मढवली होती, पुढं बॉनेटवर बाबासाहेबांची तसबीर. इद्रिसला बघताच श्रीपतनं माईक घेतला.

"आपल्यात एक मानूस आलाय. ह्या गाडीत त्यानं जी तार टाकलीय ना, ती बोटीवरची हाय. अंगठ्यायेवडी! दुसऱ्या कुनाला दिली नाय त्यानं. माज्या आईसाठी राखून ठेवली."

टाळ्या पडल्या. इद्रिस नको नको म्हणत मागं सरकत होता, पण लोकांनी त्याला पुढं लोटलं. भीमाबाईनं स्वतः त्याच्या खांद्यावर शाल घातली, गळ्यात हार घातला. "हवाबी असती तर किती हरकली असती," ती म्हणाली, आणि तिनं त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. शाल घामानं मानेला चिकटली. या वेळी धरणी दुभंगली असती तर तो खुशीनं आत गेला असता.

मग भीमाबाई जीपमध्ये चढली. पुढं, डाव्या सीटवर. इद्रिस धरून चालला होता की गाणाऱ्या बायका मागच्या बाकावर बसतील. आणि चढताना तिनं चपला काढून श्रीपतच्या हातात दिल्या. ज्या गाडीवर बाबासाहेबांची तसबीर, त्या गाडीत पायताण घालून कसं बसायचं? उघडे पाय तिनं चटईवर ठेवले, नेमके खालच्या वेटोळ्याच्या उंचवट्यावर.

"मावशी, मागं बस की. हितं झटके बसतील," इद्रिस म्हणाला.

"मागं चढवतंय कोन मला? हितं बरं हाय. आन् पाय टेकायला तू उंचवटाबी केलायस." ती हसली.

मिरवणूक निघाली. इद्रिस जीपच्या डाव्या बाजूनं, दाराला हात लावून चालू लागला. पुढं लेझीम, मागं बायका, आणि मधे भीमाबाईचा आवाज. साठी उलटलेल्या बाईचा तो आवाज कर्ण्यांतून असा निघत होता की घराघरातली माणसं ओट्यावर येत होती. नवं गाणं होतं. पाण्याचं, आणि आपल्या हातांनी खणलेल्या विहिरीचं. दरवेळी ढोलकी कडाडली की इद्रिसच्या डोळ्यांपुढं ती बारीक तार येत होती.

"श्रीपत, आवाज जरा कमी कर," तो वाकून म्हणाला.

"येडा झाला काय? आज कमी करायचा?"

"मशीन तापंल."

"तू लावलंय आन् तापंल?" श्रीपत हसला आणि त्यानं बटण आणखी पिळलं.

बोल, इद्रिस स्वतःला म्हणाला, आत्ता बोल. पण खांद्यावर शाल होती. पुढचं वळण आल्यावर सांगू. वळण आलं. बाजारपेठेच्या तोंडाशी सांगू. बाजारपेठ आली. गर्दी इतकी की जीप जवळजवळ उभीच होती. त्याला रबराचा वास आला की भास झाला हे त्याला कळेना.

गाणं एका कडव्यापाशी थांबलं. भीमाबाई खाली बघत होती. मग तिनं इद्रिसकडं बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की त्यानं तसं आधी कधी बघितलं नव्हतं.

"इद्रिस," ती हळूच म्हणाली, "माज्या पायाला ऊब लागतीय रं."

इद्रिसची नजर तिच्या पायाखालच्या उंचवट्यावर गेली.

"ह्या डाव्याला. खरंच सांगते. आदी वाटलं, मनाचा खेळ हाय. पन नाय रं, लागतीय. कितीक वर्सांनी मला कळलं, हितं पाय हाय म्हनून." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. शेजारून चालणाऱ्या गौराबाईनं ते ऐकलं आणि ती ओरडली, "अगं बायांनो, भीमाबाईच्या पायात जीव आला!" बायका धावल्या. कुणी तिचा हात धरला, कुणी रडू लागली. भीमाबाईनं माईक पुन्हा तोंडाशी नेला, आणि कर्ण्यांतून अख्ख्या बाजारपेठेला ऐकू गेलं:

"आज माजा पाय जागा झाला!"

मग आला तो टाळ्यांचा कडकडाट. लेझीमवाल्यांना चेव आला. भीमाबाईनं पाय त्या उंचवट्यावर आणखी दाबून धरला, ती ऊब सुटू नये म्हणून, आणि गाणं उचललं.

इद्रिस पळाला. गर्दीतून वाट काढत जीपच्या पुढं गेला आणि दोन्ही हात बॉनेटवर आपटले. श्रीपतनं करकचून ब्रेक दाबला. इद्रिसनं तसबिरीला हात जोडले, ती उचलून जवळच्या माणसाच्या हाती दिली, बॉनेट उघडलं आणि फ्यूज ओढून काढला.

कर्णे मुके झाले. गाणं पुन्हा अर्ध्यावर, पुन्हा त्याच बाजारपेठेत. भीमाबाई हातात माईक धरून बसली होती, आणि मागून कुणीतरी म्हणालंच, "घ्या! औंदाबी बोंबललं."

"काय केलंस रं हे?" श्रीपत उडी मारून खाली आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "काय केलंस?"

"मावशी, पाय उचल," इद्रिस म्हणाला.

"का रं? कशाला?"

"उचल, तुज्या पाया पडतो."

ती हलेना. शेवटी त्यानंच तिचा पाय हातात धरून वर उचलला आणि चटई ओढली. काळा पाईप मऊ होऊन चटईला चिकटला होता, त्यातून धुराची बारीक रेघ वर आली. तळव्याचं कातडं पांढरं होऊन फुगलं होतं, चांगला मोठा फोड. गौराबाईनं तोंडावर पदर घेतला. श्रीपत वाकला. पाईप जिथं फाटला होता तिथून आतली तार दिसत होती, त्याच्या घरातल्या पंख्याला होती तसलीच.

"ही लाल नाय," श्रीपत म्हणाला.

"नाय. ती मी दुसऱ्याला दिली." इद्रिस म्हणाला. "ही पुरायची नाय हे ठावं होतं मला. लहान फ्यूज उडला, तवा मोठा घातला. जानून-बुजून घातला."

"कुनाला दिलीस?"

"मुंबईच्या एका सायबाला."

श्रीपतचा हात वर गेला. इद्रिस तसाच उभा राहिला. त्याला वाटत होतं, मारावं यानं, मारून मोकळं करावं. पण श्रीपतनं हात खाली घेतला आणि तोंड फिरवलं. लेझीम थांबली होती. इद्रिसनं गळ्यातला हार काढला, शाल काढली, आणि कुठं ठेवावी हे न कळून ती हातातच धरली.

भीमाबाईनं पायाकडं बघितलं नाही. फोड किती मोठा आहे, दुखतंय का, काही विचारलं नाही. ती चटईखालच्या त्या वेटोळ्याकडं बघत होती.

"म्हंजे ऊब होती ती हिची?" तिनं विचारलं.

"हा, मावशी."

"पाय नाय माजा जागा झाला."

इद्रिसनं मान हलवली.

आत्ताच ज्या बायका तिच्यासाठी रडून हसल्या होत्या, त्या आता एकमेकींकडं बघत होत्या. मग भीमाबाईनं तो भाजलेला पाय चटई काढलेल्या उघड्या पत्र्यावर, तारेपासून लांब, जपून टेकवला. कर्जतच्या उन्हात दिवसभर फिरलेल्या गाडीचा तो पत्रा. तिनं थोडा वेळ वाट बघितली, डोळे मिटून, कान देऊन ऐकावं तशी. मग डोळे उघडले.

"मला तर काय कळत नाय," ती म्हणाली. "हात लावून बग, इद्रिस. गार हाय का गरम हाय, तू सांग मला."

इद्रिस रस्त्यावर गुडघे टेकून वाकला आणि त्यानं तिच्या पायाशेजारी पत्र्यावर तळहात ठेवला.